पडद्यावरची खोली आणि होडीखालचे पाणी

(या महिन्याच्या टपालात जलाशयांच्या खोलीच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांविषयी तीन पत्रे आली. तिन्ही पत्रलेखकांची परिस्थिती वेगळी असली तरी मुळातली अडचण एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.)

प्रश्न : आमची मासेमारी उजनीच्या जलाशयात चालते. गेल्या वर्षी गावातल्या आम्ही तिघांनी मिळून खोली दाखवणारे यंत्र घेतले. होडी फिरेल तसतसा ते खोलीचा नकाशा आपोआप काढत जाते. दिवाळीच्या सुमारास आम्ही आमच्या भागाचा असा नकाशा तयार केला. त्या नकाशावर ज्या ठिकाणी साडेचार मीटर पाणी दाखवले आहे, तिथेच एप्रिलमध्ये इंजिनाचा पंखा पाण्याखालच्या जुन्या भिंतीवर आदळला आणि त्याची पाती मोडली. चूक यंत्राची समजावी की नकाशाची? अशा नकाशावर विसंबून रात्री जाळी लावायला जावे की नाही?
– एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : आपले यंत्र बिघडलेले नसावे आणि आपला नकाशाही ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरता बहुतांशी खरा असावा. गफलत झाली ती अशी की, खोलीचा आकडा नकाशात साठवला गेला, पण त्या दिवशी जलाशयाची पातळी किती होती हे त्याच्यासोबत साठवले गेले नाही. धरणाच्या पाण्यात पातळीशिवाय खोलीला काही अर्थ उरत नाही, आणि उजनीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

उजनी पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा संपून ज्याला आपण ‘शून्य टक्के’ म्हणतो ती पातळी ४९१.०३ मीटर आहे. म्हणजे शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत येताना पाणी ५ मीटर ८० सेंटीमीटर उतरते. पण उजनी शून्यावर थांबत नाही. एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे या शून्य पातळीच्या खालचा साठा, असल्यामुळे उन्हाळ्यात धरण ‘उणे’ टक्क्यांत जाते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलेले आपण सर्वांनी पाहिले. दिवाळीला जिथे दीड पुरुष पाणी असते तिथे मे महिन्यात गुरे चरताना दिसतात, हे आपल्याला मी सांगायला नको. आपल्या पडद्यावरच्या नकाशाला मात्र ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी त्या जागी कायमचीच दिवाळी असते.

समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. आपण नकाशा काढला त्या दिवशी पातळी ४९६.६० मीटर होती असे धरू. यंत्राने ४.५० मीटर खोली दाखवली, म्हणजे त्या जागी तळ ४९२.१० मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये पातळी ४९२.७० वर आली, तर तिथे पाणी उरले फक्त ६० सेंटीमीटर. नकाशा अजूनही साडेचार मीटरच दाखवणार, कारण त्याला कोणी काही नवे सांगितलेले नाही. म्हणून माझी आपल्याला पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती अशी की, नोंद ‘खोलीची’ न करता ‘तळाच्या उंचीची’ करावी. जलसंपदा विभाग धरणाची पातळी रोज मीटरमध्ये जाहीर करतो. सर्वेक्षणाच्या दिवसाची पातळी वहीत लिहावी, तीतून मोजलेली खोली वजा करावी आणि जो आकडा येईल तो जपावा. तो आकडा बारा महिने चालतो. पुढे कोणत्याही दिवशी त्या दिवसाच्या पातळीतून तळाची उंची वजा केली की त्या दिवसाची खोली मिळते. काही यंत्रांत आणि ॲपमध्ये पाणीपातळीतला फरक भरण्याची सोय असते, तर काहींत ती चार पडद्यांच्या आत दडलेली असते. आपल्या यंत्रात ती शोधून पाहावी.

याच वेळी आणखी एक सेटिंग तपासावे. यंत्र खोली मोजते ती ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे होडीच्या मागे पाण्यात बुडवलेल्या त्या छोट्या डबीपासून. ती पृष्ठभागाखाली ३० सेंटीमीटर असेल आणि तेवढी भर यंत्रात टाकलेली नसेल, तर प्रत्येक आकडा ३० सेंटीमीटरने कमी येतो. ही चूक निदान सुरक्षित बाजूची आहे. पण एकाच्या होडीत ती भर टाकलेली आणि दुसऱ्याच्या होडीत न टाकलेली असेल, तर दोघांच्या नोंदी एकत्र करताच नकाशात खोटे उंचवटे आणि खोटे खड्डे तयार होतात.

आता भिंतीविषयी. पातळीचा हिशेब अचूक ठेवला असता तरी ती भिंत आपल्या नकाशावर दिसली असतीच असे नाही, आणि हा मुद्दा समजून घेणे मला फार गरजेचे वाटते. यंत्र पाण्यात ध्वनीचा एक शंकू सोडते. नेहमीच्या २०० किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचा शंकू सुमारे २० अंशांचा असतो, म्हणून तळावर त्याच्या झोताची रुंदी खोलीच्या साधारण एक तृतीयांश भरते. तीन मीटर पाण्यात ती रुंदी जेमतेम एक मीटर होते. आपण ५० मीटरांच्या अंतराने समांतर फेऱ्या मारल्या असतील, तर उथळ भागातल्या तळाचा पन्नासावा हिस्साच यंत्राने खरोखर ऐकला. उरलेले सगळे त्याने दोन फेऱ्यांच्या मधले अंदाज जोडून भरून काढले. पडद्यावर मात्र प्रत्यक्ष मोजलेली आणि अंदाजाने भरलेली जागा एकाच निळ्या रंगात आणि एकसारख्या गुळगुळीत रेषांत दिसते. नैसर्गिक तळ हळूहळू चढत-उतरत असेल तर असा अंदाज चांगला जुळतो. पण उजनीच्या पोटात गावे आहेत. पळसदेवच्या प्राचीन मंदिरासारखे जे उंच आहे ते पाणी उतरले की सर्वांना दिसते. घरांची जोती, वाड्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बांध मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत. अर्धा मीटर जाडीची भिंत दोन फेऱ्यांच्या मधोमध उभी असेल तर यंत्राच्या दृष्टीने ती नाहीच.

पडदा बोटांनी मोठा करून पाहिला की रेषा अधिक बारकाईने दिसू लागतात आणि माणसाला वाटते की आता अधिक नेमके कळते आहे. मापन मात्र जेवढे झाले तेवढेच राहते. आपल्या यंत्रात होडी फिरलेल्या मार्गाची रेषा, म्हणजे ट्रॅक, दाखवण्याची सोय असल्यास ती नेहमी चालू ठेवावी. रात्री जायचे असेल तर त्या ट्रॅकवरूनच जावे आणि मधल्या निळ्या जागेतून ‘पाणी भरपूर दिसते आहे’ म्हणून आडवे जाऊ नये.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये ज्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिसतात, त्या कुठून आल्या हेही विचारायला हवे. कित्येकदा त्या धरण होण्यापूर्वीच्या भूपृष्ठ नकाशांवरून घेतलेल्या असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो, आणि उजनीचा सगळा उपयुक्त साठा ५.८० मीटरांत सामावलेला आहे. म्हणजे आपल्या होडीचा ज्या पट्ट्याशी संबंध येतो, त्यातून अशी एकही रेषा जात नसण्याचीच शक्यता जास्त. त्या पट्ट्यात कोणी एकेक मीटरच्या रेषा काढून दाखवत असेल आणि त्यामागे प्रत्यक्ष सर्वेक्षण नसेल, तर त्या रेषा हिशेबाने रचलेल्या आहेत असेच समजावे. शिवाय धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून नदीच्या मुखाशी आणि ओढ्यांच्या तोंडाशी गाळ साचला आहे, तर वाळू उपशामुळे काही ठिकाणी खोल खड्डे पडले आहेत. पाणी मागे हटू लागले की शेतकरी पंपापर्यंत पाणी आणण्यासाठी चाऱ्या खोदतात, मोटारी पुढे सरकवतात आणि पाइप व केबली पाण्यातून नेतात. उघड्या पडलेल्या तळावर वेडी बाभूळ वाढते आणि पुढच्या पावसाळ्यात काट्यांसह बुडते. यातले काहीही कोणत्याच नकाशात नाही.

गाळाबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान तलावाच्या सर्वेक्षणात यंत्राने ३.१ मीटर खोली दाखवली होती, आणि सोबतच्या मच्छीमाराने त्याच जागी बांबू उभा केला तर तो ३.८ मीटरपर्यंत गेला. यंत्र आणि बांबू दोघेही खरे होते. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ, पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परतला होता आणि बांबू त्या गाळात शिरला होता. होडी चालवायची तर यंत्राचा आकडा धरावा, कारण पंखा त्या गाळातही अडकतो. नांगर टाकायचा किंवा बांबू रोवायचा तर बांबूचे म्हणणे ऐकावे. गवंड्याच्या ओळंब्याला खुणा केलेली दोरी बांधून महिन्यातून एकदा, शक्यतो कठीण तळाच्या जागी, यंत्राची पडताळणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. ध्वनीच्या वेगामुळे येणारी चूक आपल्याकडे किरकोळ असते. बहुतेक यंत्रे हा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरतात. गोड्या पाण्यात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८२ आणि ३० अंशांना सुमारे १५०९ मीटर असतो. त्यामुळे पाच मीटर खोलीत फरक पडला तरी तो सहा-सात सेंटीमीटरांच्या पलीकडे जात नाही.

उपग्रहावरून मिळणारे स्थानही मोकळ्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटरांपर्यंत अचूक असते. सपाट तळावर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण उभ्या काठाशी किंवा भिंतीपाशी तेच पाच मीटर मोडलेला पंखा आणि शाबूत पंखा यांच्यातले अंतर ठरतात. म्हणून ओळखीच्या अडथळ्याभोवती नकाशावर ठिपका न ठेवता निदान पंधरा-वीस मीटरांचे वर्तुळ आखावे.

उन्हाळ्यात पाणी उतरते ही नकाशा सुधारण्याची सर्वांत चांगली वेळ असते. मे महिन्यात तळ उघडा पडला की आपल्या मासेमारीच्या भागात पायी हिंडून, अर्थात चिखलात न शिरता आणि एकट्याने न जाता, प्रत्येक भिंत, विहीर, झाडाचा खुंट आणि जुना रस्ता मोबाइलवर नोंदवून घ्यावा. ज्या दिवशी पाण्याची कड त्या भिंतीच्या माथ्याला लागलेली असेल, त्या दिवसाची जाहीर पातळी हीच भिंतीच्या माथ्याची उंची. याहून अचूक मोजणी महागडे यंत्रही देणार नाही. हेच काम मोठ्या भागासाठी उपग्रहचित्रांवरून करता येते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे २०१५ पासून विनामूल्य मिळतात. त्यांतला एक ठिपका १० मीटरांचा असतो, आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. चित्रातली पाण्याची कड म्हणजे त्या दिवसाच्या पातळीची समोच्च रेषाच होय. शंभर मीटरांत एक मीटर उतार असलेल्या काठावर १० मीटरांची आडवी चूक झाली, तर उंचीत ती फक्त १० सेंटीमीटरांची होते. ऑक्टोबर ते जूनपर्यंतची आठ-दहा चित्रे आणि त्या त्या दिवसाच्या पातळ्या जुळवल्या, तर आपल्या काठच्या पट्ट्याचा असा नकाशा हाती येईल की ज्याच्या प्रत्येक रेषेमागे प्रत्यक्ष पाणी उभे होते. गावातल्या महाविद्यालयीन मुलामुलींना हे काम सहज जमेल, आणि आपल्या मच्छीमार सोसायटीने ते अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते.

रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मी होकारार्थी देईन, पण फक्त मळलेल्या वाटेसाठी, कमी वेगात, आणि त्या दिवसाची पातळी पाहूनच. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. खोलीचा कितीही अचूक नकाशा वाऱ्याची सूचना देत नाही. लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय, दिवस असो वा रात्र, होडी काठावरून हलवू नये.

प्रश्न : मी कॅनडातील ओंटारियो प्रांतात राहतो आणि उन्हाळ्यात ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन बे भागात लहान मोटारबोटीतून मासेमारी करतो. माझ्या पडद्यावर अधिकृत सागरी नकाशा आणि बोटधारकांनी पाठवलेल्या नोंदींवरून तयार झालेला तपशीलवार नकाशा असे दोन थर आहेत. काही जागी दोघांत एक मीटरपर्यंत फरक दिसतो. कोणता खरा मानावा?
– एक वाचक, ओंटारियो

उत्तर : दोघांचा शून्यबिंदू एकच आहे का, हे आधी पाहावे. अधिकृत नकाशावर मिशिगन-ह्युरॉनची खोली १७६.० मीटर या आधारपातळीपासून खाली मोजलेली असते. पाणी बहुधा तिच्या वर असते, म्हणून प्रत्यक्ष खोली नकाशापेक्षा जास्त भरते. पण जानेवारी २०१३ मध्ये मासिक सरासरी पातळी १७५.५७ मीटरपर्यंत उतरली होती, म्हणजे त्या काळात नकाशावरच्या प्रत्येक आकड्यातून ४३ सेंटीमीटर वजा करावे लागत होते. उलट ऑक्टोबर १९८६ मध्ये पातळी १७७.५० मीटर होती. बोटधारकांच्या नोंदी आधारपातळीशी जुळवून न घेता तशाच वापरल्या असतील, तर नुसत्या पाण्याच्या चढउतारामुळे एक मीटरचा फरक सहज पडू शकतो.

दुसरी गोष्ट सर्वेक्षणाच्या वयाची. या भागात १८८२ मध्ये ‘एशिया’ हे जहाज वादळात बुडाले, शंभराहून अधिक माणसे गेली आणि केवळ दोघे वाचले. त्यानंतर १८८३ मध्ये जॉर्जियन बेचे पद्धतशीर सर्वेक्षण सुरू झाले, आणि कॅनडाच्या जलसर्वेक्षण सेवेचे मूळ तिथे आहे. तेव्हा शिशाचे वजन दोरीला बांधून एकेका जागी खोली मोजत. दोन मोजण्यांच्या मध्ये ग्रॅनाइटचा सुळका असेल तर तो हुकायचा, आणि तुमच्या भागात असे सुळके असंख्य आहेत. इलेक्ट्रॉनिक नकाशात विश्वासार्हतेची श्रेणी पाहण्याची सोय असते, ती अवश्य उघडून पाहावी. ‘ए१’ श्रेणीत स्थानाची चूक ५ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के, आणि खोलीची चूक अर्धा मीटर अधिक खोलीच्या १ टक्का एवढी धरतात. ‘सी’ श्रेणीत मात्र खोलीत २ मीटर अधिक ५ टक्के आणि स्थानात ५०० मीटर एवढी तफावत गृहीत असते. म्हणजे ‘सी’ श्रेणीच्या पाण्यात ३ मीटर लिहिलेल्या जागी प्रत्यक्षात ८५ सेंटीमीटरच पाणी असू शकते. शिवाय उपग्रह तुमची बोट पाच मीटरांत ओळखतो, पण नकाशावरचा खडक मात्र अर्धा किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो. ‘डी’ श्रेणी याहूनही वाईट, आणि ‘यू’ म्हणजे दर्जा ठरवलेलाच नाही.

माझ्या मते धोक्याच्या खुणा, बोया आणि मार्ग यांसाठी अधिकृत थरच प्रमाण मानावा. लोकांच्या नोंदींचा थर मासे धरण्याच्या जागा शोधायला उत्तम असतो, आणि वर्दळीच्या वाटांवर तो कधीकधी अधिकृत नकाशापेक्षाही ताजा असतो. पण जिथे कोणी गेलेच नाही तिथे तो गप्प राहण्याऐवजी अंदाज सांगतो. दोघांत फरक असेल तिथे कमी खोली सांगणारा आकडा धरावा. इरी सरोवरावर जाणार असाल तर वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. जोरदार नैर्ऋत्य वाऱ्यात तिथले पाणी बफेलोच्या बाजूला साचते आणि टोलेडोकडे उतरते, आणि दोन टोकांतला फरक दोन मीटरांहून अधिक होऊ शकतो.

प्रश्न : मोबाइलला जोडता येणारा, चेंडूसारखा पाण्यात टाकायचा सोनार, म्हणजे ध्वनीने खोली मोजणारे यंत्र, स्वस्तात मिळतो. नाथसागरावर लहान होडीसाठी तो पुरेल का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : एका जागी थांबून खोली पाहायला आणि मासे शोधायला पुरेल, मात्र वाट दाखवायला पुरणार नाही. असा सोनार, किंबहुना होडीला बसवलेले साधे यंत्रही, खालचे पाणी दाखवते, पुढचे नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने होडी सेकंदाला चार मीटरांहून अधिक पुढे जाते, आणि पडद्यावर आकडा बदलायला सेकंदभर लागला तरी तेवढ्यात होडी उथळ जागेवर पोहोचलेली असते. अनोळखी भागात म्हणून चालण्याइतक्या वेगानेच जावे. यंत्रात उथळ पाण्याचा इशारा देण्याची सोय असेल तर ती आपल्या होडीच्या बुडापेक्षा किमान एक मीटर जास्त खोलीवर लावावी.

एककांची मात्र विशेष काळजी घ्यावी. जायकवाडीची, म्हणजे आपल्या नाथसागराची, पूर्ण पातळी लोक १५२२ फूट अशी सांगतात, तर तीच कागदोपत्री ४६३.९०६ मीटर असते. यंत्र फुटांत आणि वही मीटरमध्ये असे झाले, तर तीन फूट पाण्याला तीन मीटर समजण्याची चूक होते. यंत्र हातात येताच ते मीटरवर लावावे, ते एकक बदलू नये, आणि होडीच्या आतल्या फळीवर ‘मीटर’ असे रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे होडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी त्याला विचारावे लागणार नाही.